पुन्हा सांगा, घाई नाही

"बावीसशे आठ वर्षं?" पंचाक्षरीने टेलिप्रिंटरमधून निघालेला कागद डोळ्यांजवळ नेला. "काका, ह्या सोजरबाईंचं वय बावीसशे आठ?"

वेणीमाधव गालातल्या गालात हसले. अठ्ठावन्न पूर्ण झालेल्या कामगारांची ती यादी होती आणि सोजरबाई तिच्यात अगदी वर विराजमान झाल्या होत्या. सोलापूरच्या त्या गिरणीत कॉम्प्युटर येऊन आठवडा झाला होता. मुंबईच्या एका कंपनीने तो चाचणीसाठी पाठवला होता आणि सोबत हा पंचाक्षरी, मूळचा अक्कलकोटचा. प्रोग्रॅम त्यानेच लिहिलेला. टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून एकतीस वर्षं कामगारांची माहिती उतरवून घेतलेल्या वेणीमाधवांना आता तीच माहिती यंत्राला द्यायची होती. यादी संध्याकाळी पाचला मॅनेजरांकडे जाणार होती आणि तिच्यात ज्याचं नाव, त्याने पहिल्या तारखेपासून घरी बसायचं, असा हुकूम निघाला होता.

बातमी सूत गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यात पोचायला कितीसा वेळ लागतो? सोजरबाई पदराला चिकटलेलं सूत झटकत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, मला घरी बसवलं म्हनं?"

"बाई, वय काय सांगितलं होतं तुम्ही मला?"

"दोन इसा आन् आठ. आमी तसंच मोजतो की. दोन येळा ईस, त्याच्यावर आठ."

म्हणजे अठ्ठेचाळीस. वेणीमाधवांची खिडकीतली सवय अशी, की माणूस बोलेल ते आधी जसंच्या तसं लिहायचं, बेरीज मागाहून. त्या सवयीने त्यांनी दोन, वीस आणि आठ असे आकडे सुटे सुटे टाइप केले होते. यंत्राने मधल्या मोकळ्या जागा गिळून सगळा एकच आकडा केला होता.

"टाइप करताना चुकायचं नाही, एवढंच," पंचाक्षरी म्हणाला. "बाकी प्रोग्रॅम चोख आहे."

"अहो, माणसं चुकीचंच सांगतात. आमचं काम तिथूनच तर सुरू होतं." वेणीमाधवांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांना चेव चढला होता. "सरका जरा. लोक काय काय सांगतात ते दाखवतो तुम्हाला."

वयाच्या जागी त्यांनी टाइप केलं, 'थोरल्या लेकीहून सोळा जास्त'. यंत्र जागच्या जागी बंद पडलं. पंचाक्षरीने ते कसंबसं चालू केलं, तर यांनी 'तुम्हीच टाका सायेब' असं घातलं. पुन्हा बंद. मग काहीच न लिहिता नुसतंच बटण दाबलं, तेव्हा मात्र यंत्राने खुशाल शून्य वर्षांचा कामगार भरती करून घेतला. पंचाक्षरी आधी वैतागला, मग ओशाळला आणि शेवटी बाह्या सरसावून बसला. तो एक भोक बुजवायचा, की वेणीमाधव दुसरं शोधून काढायचे. चहा गार झाला, पाळीचा भोंगा वाजून गेला, दोघांनाही भान नव्हतं. इतकी मजा वेणीमाधवांना नोकरीत कधी आली नव्हती.

साडेचारला प्रोग्रॅम शहाणा झाला. आकड्याखेरीज काही घेईना. अठराच्या आतलं आणि सत्तरच्या वरचं वयही घेईना. चुकलं, की 'एरर' असं छापून वाट बघत राही.

"हे बरं नाही," वेणीमाधव म्हणाले. "बाईमाणसावर असं खेकसायचं? मी एकतीस वर्षांत कोणावर खेकसलो नाही."

"मग काय म्हणत होता तुम्ही?"

वेणीमाधव जरा लाजले. "पुन्हा सांगा, घाई नाही. एवढंच."

पंचाक्षरीने ते शब्द रोमन अक्षरांत तसेच्या तसे घातले.

दाराशी बसून राहिलेल्या सोजरबाईंना आत बोलावलं. वेणीमाधवांनी मुद्दाम पुन्हा दोन, वीस, आठ टाइप केलं. टेलिप्रिंटर खडखडला आणि त्यांनी छापलेलं मोठ्याने वाचून दाखवलं.

"ह्ये तर तुमच्यावानीच बोलतंय की," सोजरबाई म्हणाल्या. मग त्यांनी बोटांच्या पेरांवर नीट मोजलं. "चाळीस आन् आठ. अठ्ठेचाळीस."

यंत्राने ते मुकाट्याने घेतलं. सोजरबाईंचे डोळे भरून आले होते, पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग जाऊ का खात्यात?" आणि गेल्या.

"झाले का सगळे?" पंचाक्षरीने घड्याळाकडे पाहिलं.

"एक राहिलाय."

आठवडाभर वेणीमाधव तो एक कागद गठ्ठ्याच्या तळाशी सारत आले होते. आता त्यांनी आपला बिल्ला नंबर टाइप केला आणि पुढे वय, अठ्ठावन्न. बटण दाबून ते थांबले. आकडा बरोबरच होता हे त्यांना ठाऊक होतं, तरी थांबले.

यंत्राने पुन्हा विचारलं नाही.

यादी नव्याने छापून आली तेव्हा शेवटचं नाव त्यांचं होतं. त्यांनी कागद भोकांच्या रेषेवर सरळ फाडला, सवयीप्रमाणे वरपासून खालपर्यंत एकदा तपासला आणि पाचला पाच मिनिटं असताना स्वतःच मॅनेजरांकडे घेऊन गेले.