चमचा नंतर मिळेल

सासूबाईंनी सांगितलं ते अगदी शांतपणे सांगितलं, आणि म्हणूनच सूनबाईची पाचावर धारण बसली. आज रविवार. दुकान बंद व्हायच्या आत आइस्क्रीमचा डबा रिकामा झाला, तर फ्रीझर राहील. नाही झाला, तर उद्या फ्रीझर विकायचा आणि त्या जागी पुन्हा बिस्किटांच्या बरण्या. बेकरी सासूबाईंची, फ्रीझरचा कोपराही त्यांचाच, मग बोलणार कोण? नवरा भट्टीपाशी होता. त्याने पावाच्या ट्रेआडून बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा पिठात हात घातले. आईपुढे त्याची दातखीळ बसायची.

आता हे आइस्क्रीम कसलं, ते सांगायला हवं. सूनबाईचं माहेर सीमेपलीकडचं. तिकडे तिच्या वडिलांचं आइस्क्रीमचं दुकान, आणि तिकडची लाडकी चव म्हणजे करपवलेली साखर. साखर कढईत तांबडीकाळी होईपर्यंत, अगदी धूर सुटायच्या बेताला आणायची आणि मग त्यात दूध ओतायचं. आधी किंचित कडू, मागून गोडच गोड. तिकडे लोक त्यासाठी रांगा लावतात. इकडे मात्र ज्याने त्याने नाक मुरडलं. इकडच्यांना आंबट फळांची चव हवी, आणि आइस्क्रीम कसं हवं, तर दगडासारखं टणक. चमच्याला दाद देता कामा नये. जरा मऊ दिसलं की शिळं म्हणून परत करतात. सूनबाईने बिचारीने तेही मानलं, फ्रीझरचा काटा पार टोकाला नेला. साखर वाढवली, दूध आटवून बघितलं. पण छे, पालथ्या घड्यावर पाणी. कडू आहे हो, म्हणायचे आणि कप तसाच ठेवून जायचे. शेजारच्या शिंप्याने तर समजूतही घातली, की पाण्यागणिक जीभ बदलते, तू मनाला लावून घेऊ नकोस. लावून घेऊ नकोस म्हणे! फ्रीझर काय त्याचा जाणार होता?

दुपार कलली तरी डबा जवळजवळ भरलेलाच. तेवढ्यात एक ट्रकवाला पाव घ्यायला आला आणि उकाड्याने जीव नकोसा झाल्यामुळे आइस्क्रीमही मागितलं. त्याच्या बोलण्यातला हेल सूनबाईला माहेरच्या बाजूचा वाटला. कप त्याच्या हातात देता देता तिने न राहवून विचारलं, तुम्ही कुठले? झालं! गडी माहेरचा नव्हे, डोंगराकडचा निघाला. कप तसाच मुठीत धरून तो मावशीच्या हातच्या मध-अक्रोडाच्या वड्यांचं पुराण सांगत बसला. त्या दाताला कशा चिकटायच्या, मावशी त्या कुठे लपवायची, आणि हा त्या कशा शोधायचा. बोलून दमला तेव्हा कुठे त्याने पहिला घास घेतला. घेतला आणि मग थांबलाच नाही. कप चाटूनपुसून पुढे केला, आणखी एक मागितला आणि ट्रकमधल्या जोडीदाराला हाक मारली.

जोडीदार घाईचा. हातात पडताच त्याने चमचा मारला आणि तोंड वाकडं केलं. कडूजहर आहे म्हणाला.

सूनबाई दोघांकडे बघतच राहिली. डबा तोच, हात तोच, मग फरक आला कुठून? तिने एक गोळा कपात काढला आणि लगेच चाखला. खरंच कडू. गारठ्याने जीभ बधिर, गोडीचा पत्ता नाही, नुसता करपट कडवटपणा. मग कडेला ओल सुटेपर्यंत तो कप तिने दोन्ही तळव्यांत धरला आणि पुन्हा चाखला. अगं आई गं! हीच, हीच ती माहेरची चव. इतके दिवस ती स्वतः चाखायची ते आइस्क्रीम घोटायच्या यंत्रातून काढलेलं ताजं, मऊ. गिऱ्हाईक खायचं तो दगड.

आणि मग तिला वडील आठवले. भरलेला कप आपल्याच हातात धरून ते प्रत्येकाची चौकशी करायचे. कुठले, कोणाचे, घरी गोड काय करता. आई करवादायची, अहो, त्याला आधी खाऊ तरी द्या. सगळ्या गावाने त्यांना बडबड्या ठरवलं होतं. आणि तो बडबड्या गप्पा मारता मारता आइस्क्रीम मऊ करत होता! त्यांना हे ठाऊक होतं की ती नुसतीच जित्याची खोड, देव जाणे. सूनबाईला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

पण इकडे मऊ दिलं तर परत येणार. म्हणून तिने दिलं टणकच, फक्त चमचे आपल्यापाशी ठेवले. कप घ्या, हातात धरा आणि आधी सांगा, तुमच्याकडे गोड काय करतात? चमचा नंतर मिळेल.

लोक आधी हसले, मग जे सुटले ते सुटलेच. शाळेतल्या बाईंच्या गावी भोपळ्याच्या बिया पाकात घोळवायचे. नळवाल्याकडे लिंबाची साल साखरेत मुरवायचे, आणि त्यापुढे बिया म्हणजे काहीच नाही असं त्याचं ठाम मत. त्यावर दोघांची अशी जुंपली की रस्त्यावरचे लोक आत डोकावले, आणि डोकावले ते रांगेत उभे राहिले. शिंपी तर दोनदा आला आणि दोन्ही वेळा वेगळंच गाव सांगितलं. नवरा भट्टी सोडून कप पुसायला धावला. सूनबाईच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. डब्याचा तळ दिसायला लागला.

दुकान बंद करायची वेळ झाली. सासूबाई आल्या, डब्यात वाकून बघितलं. एक गोळा शिल्लक. त्यांचा चेहरा सांगत होता, एक उरला तरी उरलाच. रस्ता रिकामा, गिऱ्हाईक संपलेलं.

सूनबाईने तो गोळा कपात काढला आणि सासूबाईंच्या हातात ठेवला. चमचा दिला नाही.

"आई, तुमच्या माहेरी गोड काय करायचे?"

सासूबाईंनी कपाकडे पाहिलं, मग सुनेकडे. नवऱ्याचे हात जिथल्या तिथे थांबले. आईचं माहेर समुद्राकाठचं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"या घरात मला हे कोणी विचारलंच नाही कधी," सासूबाई म्हणाल्या.

मग त्या स्टुलावर टेकल्या आणि सांगायला लागल्या. जाड साय, त्यावर साखर, आणि साखरेवर चुरडलेलं खडे मीठ. ताटली खिडकीत ठेवायची, भावाची पाळी राखणीची, आणि साय खायचा तोच. सांगताना त्या हसत होत्या, हातवारे करत होत्या. कपातलं सगळं वितळून गेलं तरी कोणी त्यांना अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी कप सरळ तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.

ओठ पुसून त्या उठल्या, रिकाम्या डब्याला झाकण लावलं.

"उद्याच्या डब्यात चिमूटभर मीठ घालून बघशील का गं?"