ऑगस्टची लिंबं

मित्रांनो, लिंबोणी म्हणून मी आता जुनी झाले. खोडाला भेगा पडल्यात, पण काटे अजून शाबूत आहेत आणि स्वभावही तसाच आहे, हे आधीच सांगून ठेवते. ट्युनिशियातल्या काप बोनमध्ये, समुद्राजवळच्या एका अंगणात मी उभी आहे. मला इथं अम्मारनं लावलं, त्याचा मुलगा नाजी जन्मला त्या वर्षी.

आम्हा लिंबोणींचा शिरस्ता साधा. वसंतात फुलायचं आणि हिवाळ्यात पिवळी लिंबं द्यायची. मीही तेच करत होते. अम्मारची बायको मबरूका माझी लिंबं मिठात मुरवून बरण्या भरायची आणि शेजारणींना सांगायची, "आमच्या लिंबोणीच्या रसाला तोड नाही!" मला ते ऐकून फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग नाजी मोठा झाला आणि कामासाठी समुद्रापलीकडे फ्रान्समधल्या मार्सेयला गेला. तिकडे गेलेली आमची मुलं ऑगस्टच्या सुट्टीतच घरी येतात. तोही आला. मबरूकानं मासे भाजले. वर पिळायला लिंबू हवं होतं आणि माझ्या अंगावर तर एकही नव्हतं. शेवटी बाजारातून आणावं लागलं.

"काय हो बाबा," नाजी हसत म्हणाला, "लिंबोणी आपल्या दारात आणि लिंबू बाजारातलं?"

पोरगं गंमत करत होतं. अम्मारच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

पुढच्या वसंतात मी कळ्यांनी गच्च भरले होते. अम्मार कात्री घेऊन आला आणि कळ्या लागलेले शेंडे छाटू लागला. अहो, भर फुलोऱ्यात! शेजारचा शाझली कुंपणावरून ओरडला, "अरे अम्मार, डोकं फिरलं की काय तुझं? सगळं गाव फुलं जपतंय आणि तू कापत सुटलायस!"

"हिचा वसंताचा बहार मला नकोच," अम्मार म्हणाला. "आता छाटली की नवी फूट येईल. उन्हाळ्यात पाणी तोडून ताण देईन, उन्हाळा सरला की पाणी सोडेन. मग फुलेल ती थंडीच्या आधी, आणि फळ येईल थेट पुढच्या वर्षीच्या ऑगस्टला."

"म्हणजे पोरासाठी झाडाला उलटं चालवणार!"

"पोरगं ऑगस्टलाच येतं, त्याला मी काय करू?"

मला भयंकर राग आला होता. उन्हाळ्यात तहानेनं माझी पानं मुडपली, तेव्हा तर मी त्याला मनातल्या मनात काय काय बोलले! पण पुढच्या ऑगस्टमध्ये अख्ख्या आळीत फक्त माझ्याच अंगावर रसरशीत लिंबं होती. नाजीनं ती स्वतः तोडली, माशावर पिळली आणि बोटं चाटत म्हणाला, "वा बाबा, मानलं तुम्हाला!" अम्मार संध्याकाळभर माझ्या खोडाला टेकून बसून राहिला. त्यानंतर मी कधी तक्रार केली नाही.

काही वर्षं असंच चाललं. मग नाजीचं लग्न तिकडेच झालं, मुलंबाळं झाली. कधी सुट्टी मिळेना, कधी मुलं आजारी. फोनवर तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघतो, बाबा." अम्मार दर वसंतात कात्रीला धार लावायचाच.

मबरूका वैतागायची. "अहो, येत नाही तो. हिला एकदा तरी हिवाळ्याची फळं धरू द्या. माझ्या बरण्या रिकाम्या पडल्यात."

"आणि आला म्हणजे?" अम्मार विचारायचा.

ऑगस्टमध्ये माझी लिंबं पिकून खाली पडायची आणि अम्मार कंबर धरत ती वेचायचा. मला फार वाईट वाटायचं हो.

या हिवाळ्यात अम्मार गेला. नाजी धावत आला. परदेशी गेल्यापासून हिवाळ्यात तो कधी आलाच नव्हता. गावातल्या साऱ्या बागा पिवळ्या लिंबांनी लगडल्या होत्या. दफन करून माणसं पांगल्यावर तो माझ्यापाशी आला आणि त्यानं एक लिंबू तोडलं. हिरवंगार, दगडासारखं टणक. कितीही दाबलं तरी थेंब निघेना.

"आई, सगळ्यांची लिंबं पिकली. आपलीच कच्ची कशी?"

मबरूका उंबऱ्यात बसली होती. "ती तुझ्या ऑगस्टची आहेत, बाळा," ती म्हणाली. "दर वर्षी धरायचे तुझे बाबा. यंदाही धरलीत."

नाजी ते लिंबू मुठीत धरून ढसाढसा रडला. मग सुट्टी संपली आणि तो परत गेला.

आता पुन्हा वसंत आला आहे आणि मी कळ्यांनी भरले आहे. आज सकाळी मबरूका अम्मारची कात्री घेऊन माझ्याजवळ आली आणि तिनं नाजीला फोन लावला.

"नाजी, तू कधी येणार ते सांग बाबा. हिवाळ्यात येणार असशील तर फुलं राहू देते. या ऑगस्टची तर लागलेलीच आहेत, पण पुढच्या वर्षी ऑगस्टला येणार असशील तर आजच छाटते."

पलीकडून तो म्हणाला, "बघतो, आई."

फोन बंद झाला तरी ती कात्री धरून तशीच उभी आहे. कापावं की ठेवावं, तिला कळत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी असं विचारत असेल, तर त्यांना 'बघतो' म्हणू नका. महिना सांगा, आणि त्या महिन्यात या. आम्हा झाडांना फळ धरायला फार वेळ लागतो, आणि म्हाताऱ्या माणसांकडे तेवढा वेळ नसतो.