शेततळ्यातली लेडी आयरिस

"अवो, वांग्याले पानी कधी सोडता?" कडूबाच्या बायकोनं, कोकिळेनं, बांधावरून विचारलं.

"इचं झालं की सोडतो," कडूबा शिडीवरून म्हणाला.

'इचं' म्हणजे लेडी आयरिसचं. डोणगावच्या फाट्याला लागून असलेल्या कडूबाच्या शेतात, एका अंगाला वांगी आणि दुसऱ्या अंगाला मिरची ठेवून, ट्रकच्या जुन्या टायरांवर शर्यतीची एक लाकडी, शिडाची नाव उभी होती. समुद्र तिथून रात्रभराच्या प्रवासावर. कडूबानं तिच्या दोन्ही कुशींवर ठिबकच्या नळ्या बांधल्या होत्या. वांग्याला झाडागणिक थेंब मिळायचा, तसा तिला फळीगणिक मिळायचा. वरून ओली पोती. एप्रिलचं ऊन थेंबही पीत होतं आणि पोतीही.

"लोक म्हन्तात कडूबानं नाव पेरली," कोकिळा म्हणाली. "उगवली त मले सांगा."

नाव दिवाळीत आली होती. नागपूरकडच्या कुण्या हॉटेलवाल्यानं ती दारापुढे शोभेला म्हणून घेतली होती. फाट्यावर ट्रेलरचा धुरा तुटला. गावातल्या राजकुमारनं आपल्या हायड्रा क्रेननं ती उचलून कडूबाच्या शेतात ठेवली. "दोन दिवस फक्त," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याचा फोन तेव्हापासून बंद होता. तेवढ्यात हॉटेलवाल्याचं मन फिरलं. त्यानं त्या जागी सिमेंटचा डायनासोर बसवला आणि नाव माझी नव्हेच म्हणून हात झटकले.

मग हॉटेलवाल्याकडून नंबर काढून मुंबईहून नावेच्या जुन्या मालकाचा, नारायणरावांचा, फोन आला. ऐंशी ओलांडलेला, खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडलेला माणूस. पहिला प्रश्न, "लेडी कशी आहे?" कडूबानं अंगणात बसलेल्या कोकिळेकडे पाहिलं आणि सावधपणे "बरी हाये" म्हटलं.

त्यानंतर रोज दुपारी फोन यायचा आणि लेडीचा थोडा थोडा इतिहास कडूबाच्या कानात उतरायचा. स्वातंत्र्याच्या आधी माझगावला ती ब्रह्मदेशी सागवानात बांधली. एका गोऱ्या साहेबानं बायकोच्या नावानं बांधून घेतली. साहेबाला नावेत बसलं की ओकारी यायची, आणि बायको तर आयुष्यात एकदाही तिच्यावर चढली नाही. साहेब मायदेशी गेला, लेडी राहिली. नारायणराव पोरसवदा असताना तिचं बूड घासायला लागले आणि पुढे तिचं सुकाणू त्यांच्या हाती आलं. वर्षानुवर्षं तिच्यापुढे कुणी गेलं नाही. एकदाच हरली. बुडणाऱ्या कोळ्याला वाचवायला त्यांनी शर्यत सोडून नाव वळवली. जवळ गेल्यावर कळलं, कोळी पोहत होता. त्यानं वर शिव्या घातल्या.

पुढे फायबरच्या हलक्या नावा आल्या आणि लेडी मागे पडली. नारायणराव दवाखान्यात असताना त्यांच्या मुलीनं, प्रतीक्षानं, घराबरोबर नावही आवरली, म्हणजे विकली.

"पाऊस सरला की मी येतो तिला न्यायला," नारायणराव म्हणाले. "तोवर तिला चिरू देऊ नका. सागवान तडकलं की नाव राहत नाही, कडूबा. सरपण होतं."

"हाव," कडूबा म्हणाला. आयुष्यात त्याच्यावर एवढा भरवसा कुणी टाकला नव्हता. ग्रामपंचायतीनं एकदा पाण्याची मोटर सांभाळायला दिली होती, ती चोरीला गेली.

पण अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तशी फळ्यांमधली फट एवढी रुंदावली, की आत सरडे नांदायला लागले. कडूबानं खरं ते सांगितलं.

"पाण्यात उतरवा," नारायणराव म्हणाले. "सुरुवातीला आत पाणी शिरेलच, घाबरू नका. क्रेनचे पट्टे मात्र काढायचे नाहीत. दोन दिवस तशीच टांगलेली ठेवा. लाकूड पाणी प्यालं की फुगतं, फटी आपोआप बुजतात."

हे कडूबाला पटलं. बैलगाडीचं चाकही उन्हाळ्यात खिळखिळं झालं की लोक डोहात टाकतात. प्रश्न पाण्याचा होता. शिवारात डोह उरला नव्हता. होतं ते त्याचंच शेततळं, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. वांगी-मिरचीचा उन्हाळा त्यातच साठवलेला.

"ते माह्या वांग्याचं पानी हाये," कोकिळा म्हणाली.

"पानी कुठं जाते व? लेडी नुसती त्यात बसन."

"म्हशीवानी?"

"म्हशीवानी."

म्हैस मध्ये आल्यावर कोकिळा खुरपं उचलून वांग्याकडे गेली.

अखाजीचा मुहूर्त धरला. गाव लोटलं. शेजारच्या दीपमालानं नावेच्या नाकाडाला हळद-कुंकू लावलं, सरपंच भाऊरावांनी नारळ फोडला, कुणीतरी झेंडूचा हार चढवला. नावेच्या पोटाखाली शिशाचं जड पातं होतं, ते पाहून राजकुमार हायड्रातूनच ओरडला, "काऊन बे, इच्या बुडाले शिसं काऊन बांधलं?"

"सरळ उभी राहाले."

"मंग मलेबी बांध एखांदं. संध्याकाळी काम पडते."

हायड्रानं लेडी उचलली आणि हळूहळू पाण्यात सोडली. ती क्षणभर तरंगली. अशी काही दिसली, की मागची माणसं टाचा उंचावून पाहायला लागली.

इथवर सगळं सांगितल्याप्रमाणे झालं. पण गावाला सजवलेली वस्तू पाण्यात सोडायची एकच रीत ठाऊक होती. राजकुमारनं बारा गावांचे गणपती याच हायड्रानं सोडले होते. पाण्याला टेकल्याबरोबर त्याच्या माणसानं सवयीनं पट्टे काढले. लोकांनी सवयीनं हात जोडले. मागून कुणीतरी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हटलं. कडूबानंही हात जोडले होते. हात मोकळे करून तो "पट्टे, पट्टे" म्हणेपर्यंत लेडी आयरिस सगळ्या फटींतून पाणी घेत, शांतपणे, गणपतीसारखीच खाली बसली.

नुसती बसली असती तर चाललं असतं. शिशाच्या पात्यानं तळाचा कागद इकडून तिकडे फाडला. खालच्या भेगाळलेल्या काळ्या मातीला एवढं पाणी आयतं कुणी कधी दिलं नव्हतं. लोकांच्या हातातलं खोबरं संपायच्या आत पाण्याची रेघ खाली सरकायला लागली. नाव वर काढायला हायड्रा पुन्हा लावला, पण ओल्या काठावर त्याचीच चाकं रुतली, आणि त्याला काढायला दुसरा बोलवावा लागला. कडूबानं फाटलेल्या जागी पोती कोंबली, चिखल थापला, शेवटी स्वतः जाऊन बसला. पाणी त्याच्या बाजूनं गेलं.

तिसऱ्या दिवशी तळं कोरडं पडलं. लेडी आयरिस तळाशी कुशीवर कलंडून होती, हार अजून गळ्यात. कडूबानं फळ्यांवरून बोटं फिरवली. नख कुठेच आत जाईना. लाकूड पोटभर पाणी प्यालं होतं, फटी बुजल्या होत्या. नाव धडधाकट झाली होती आणि वांगी माना टाकून उभी होती. या उन्हात फटी पुन्हा उघडायला किती वेळ लागेल, ते त्याला कळत होतं.

कोकिळा कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायला गेली.

दुपारी फोन वाजला. आधी प्रतीक्षा बोलली. "बाबांना दवाखान्यात आणलंय. फार बोलू नका त्यांच्याशी. पण देते, ऐकत नाहीत." मग नारायणरावांचा आवाज आला, पार खाली गेलेला, म्हणून कडूबानं फोन स्पीकरवर टाकला.

"फटी बुजल्या?"

"बुजल्या जी. सगळ्या." एवढं खरं होतं.

"तरंगतेय ना?"

कडूबानं फाटक्या कागदाकडे पाहिलं. "हाव."

"कुशीला पाणी लागल्याचा आवाज येतो तिच्या. ऐकवा जरा."

तळात उभ्या कडूबानं इकडेतिकडे पाणी शोधलं. काठावर कोकिळा उभी होती, टँकरवरून भरून आणलेली पिण्याची कळशी कमरेवर घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. ती घसरत तळ्यात उतरली, कळशी खाली ठेवली आणि ओंजळ भरून लेडीच्या फळीवर पाणी मारलं. चळक. थांबली. पुन्हा मारलं. चळक. कडूबानं फोन फळीजवळ धरला.

"वारा कुठला आहे?" पलीकडून विचारलं.

कडूबानं बांधावरच्या निंबाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. "समुद्राकडचा," तो म्हणाला.

"मग शीड थोडं सैल सोडा," नारायणराव म्हणाले. त्यानंतर ते बोलले नाहीत, पण फोनही कुणी ठेवला नाही. कोकिळा कळशी वाकडी करून तिच्या बुडाशी उरलेलं पाणी ओंजळीनं फळीवर मारत राहिली.