असू द्या, पुढनं वळू

अमावास्येनंतरच्या शनिवारी नरसिंहपूरला जायचं, हा माझा नेम. सकाळी देवापुढं दिवा लावला की तोंड मिटायचं, ते नृसिंहाचं दर्शन झाल्यावरच उघडायचं. सुयोग लहानपणी तापानं फणफणला होता, तेव्हा बोललेला हा नवस. आता सुयोगला मिशा आल्या, बायको आली, तरी नेम चालू आहे.

कोऱ्हाळ्याहून बारामती, मग इंदापूर, मग बावडा, की पुढं नरसिंहपूर. गाडी हे चालवतात. मी शेजारी गप्प बसते आणि हे सबंध वाट बोलत असतात. कुणाच्या उसाला तुरा आला, कुणाच्या डाळिंबावर तेल्या रोग पडला, हे सगळं त्यांना रस्त्यावरून दिसतं. मला उत्तर द्यायचं नसतं, म्हणून त्या दिवशी त्यांचं बोलणं मी खरं ऐकते.

मागच्या वर्षी ह्यांच्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली. देवाच्या दयेनं बरे झाले. बोलणं, चालणं, हिशेब, चिडणं, सगळं होतं तसं परत आलं. डॉक्टरांनी गाडी चालवायलाही मोकळीक दिली. वाटा तेवढ्या गेल्या. ज्या माणसानं उभा जन्म ट्रॅक्टरनं ऊस वाहिला, तो ओळखीच्या फाट्यावर गाडी हळू करून इकडं तिकडं बघायला लागला.

एरवी मी सांगते. पण शनिवारी मी हातानं दाखवायची, आणि हे म्हणायचे, "रस्त्याकडं बघू का तुझ्या हाताकडं?"

गेल्या खेपेला तेच झालं. बावड्याच्या पुढं एका फाट्यावर मी डावीकडं हात केला, ह्यांनी उजवीकडं गाडी घातली. दोन्ही अंगाला उभा ऊस, मध्ये बैलगाडीची चाकोरी, त्यात कुणीतरी रानाला पाणी सोडलेलं. नदीच्या अलीकडं काळ्या मातीत चाकं रुतली. ट्रॅक्टर बोलवून गाडी ओढून काढावी लागली. ट्रॅक्टरवाला ओळखीचा निघाला, त्यामुळं आम्ही घरी यायच्या आधीच बातमी घरी पोचली.

सुयोग आवाज न चढवता म्हणाला, "तात्या, पुन्हा असं झालं तर किल्ली माझ्याकडं द्यायची. मी ड्रायव्हर लावून देतो."

ह्यांनी किल्ली खुंटीला अडकवली आणि त्या दिवशी आमटीला नावं न ठेवता जेवले. मला तेच फार लागलं.

उपाय काढला निकितानं. निकिता माझी सून, डाळजची. हायवेच्या गावची पोर, तिला रस्त्यांची भीती नाही. तिनं ह्यांच्या फोनवर नकाशाचं ॲप घेतलं आणि बारामतीपर्यंत नेऊन दाखवलं. ॲपमधली बाई वळणं सांगत होती. ह्यांनी तिचं एकही ऐकलं नाही.

"कोण ही? कोऱ्हाळ्यात कधी पाऊल तरी टाकलंय का हिनं?"

"तात्या, तिला वरनं सगळं दिसतंय."

"वरनं घारीला बी दिसतंय. म्हणून घारीला इचारू का वाट?"

निकिता घरी येऊन माझ्याजवळ बसली. "आई, ह्यात आपला आवाज भरायची सोय हाय. तात्या कुणाचं ऐकत न्हाईत, पण तुमचं ऐकत्यात."

"माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

"वर वर न्हाय म्हणत्यात. करत्यात तुमी सांगाल तेच."

माझ्या मनात वेगळीच शंका. शनिवारी माझं मौन, आणि माझाच आवाज गाडीत बोलणार. नेम मोडला नाही का?

निकिता हसली. "आई, तुमी पहाटे मोबाईलवर विष्णुसहस्रनाम लावता. तवा ते म्हणणारे बुवा त्यांच्या घरी चहा पीत बसल्यालं असत्यात. देवाला कळतंय की कुणाचं तोंड मिटलंय ते."

मला पटलं. देवघरात बसून आवाज भरायचं ठरवलं, कारण गोठ्याचा गलका तिथपर्यंत येत नाही. निकिता स्क्रीनवर एकेक वाक्य दाखवायची, मी म्हणायची.

"अहो, जरा डावीकडं घेता का?"

"आई, तुमी इचारताय. सांगायचं हाय. आणि मोठ्यानं."

"अहो, डावीकडं घ्या."

"अहो काढलं तर बरं हुईल, वाक्य छोटं लागतंय."

"अहो न म्हणता सांगू त्यांना? काहीतरीच काय."

अहो राहिलं. पोलिसांचं एक वाक्य होतं, तिथं मी म्हणाले, "पुढं पोलीस हायत, पट्टा लावा." पोचल्यावरचं होतं, तिथं म्हणाले, "आलो. हात जोडा." मग एक जागा आली, गाडी वाट चुकली की बोलायची. निकितानं वाचून दाखवलं, 'तुम्ही रस्ता चुकलात.'

ते मला म्हणवेना. वर्षभर घरात जो तो त्यांना तेच सांगतोय. मी जरा वेळ नृसिंहाच्या तसबिरीकडं बघत बसले. मग म्हणाले, "असू द्या, पुढनं वळू."

निकितानं तेच ठेवलं.

मग तिनं बाकीच्या सेटिंग लावल्या. आवाज पूर्ण मोठा, नकाशाची अक्षरं मोठी. 'कच्चे रस्ते टाळा' असं एक बटण होतं, ते तिनं चालू केलं. हे दारात उभं राहून बघत होते.

"ते कशाला? कच्च्या रस्त्यावर जन्म गेला माझा. बंद कर ते. आणि सगळ्यात जवळचा रस्ता लाव, उगं डिझेल जाळायचं न्हाय."

"तात्या, पण—"

"बंद कर म्हणलं ना."

सासऱ्यापुढं ती तरी किती बोलणार? केलं बंद.

शनिवारी दिवा लावला, तोंड मिटलं, नैवेद्याचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले. हे तोऱ्यात म्हणाले, "आज बोलाय लावतो तुला." फोन सुरू केला आणि माझा आवाज गाडीत घुमला, "अहो, डावीकडं घ्या." मागून देवघरातली घंटाही किंचित वाजली. भरताना माझा पदर लागला असावा.

हे खुश. बारामती गेली, निमगाव केतकी गेलं. इंदापूरच्या अलीकडं फोन म्हणाला, "पुढं पोलीस हायत, पट्टा लावा." ह्यांनी आज्ञाधारक पोरासारखा पट्टा लावला आणि फोनला म्हणाले, "लावला गं बाई." माझं तोंड मिटलेलं, पण हसू काही मिटेना.

बावडा मागं पडलं आणि तो फाटा आला. तोच. डावीकडं डांबरी, उजवीकडं उसातली चाकोरी. ह्यांना तो ओळखू आल्याचं काही चेहऱ्यावर दिसेना.

फोन म्हणाला, "अहो, उजवीकडं घ्या."

जवळचा रस्ता, कच्चा चालेल, म्हणून ते यंत्र नदीच्या रानातून काढत होतं. आणि सांगत होते मीच. ह्यांनी वळायचा दिवा लावला, चाक उजवीकडं फिरवायला घेतलं. चाकोरीत पाणी चकाकत होतं. गाडी पुन्हा रुतली असती, तर संध्याकाळी खुंटीवर किल्ली राहिली नसती.

मनातल्या मनात देवाला म्हणाले, इतक्या वर्षांचा नेम आज मोडते, दोष माझ्या पदरात घाल. ओठ उघडणार, तेवढ्यात माझा हात आपोआप पुढच्या काचेकडं गेला आणि हातातल्या बांगड्या खळकन वाजल्या.

ह्यांनी करकचून ब्रेक दाबला.

"काय गं?"

मी कशी बोलणार? फोन मात्र बोलला, "अहो, उजवीकडं घ्या."

ह्यांनी फोनकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवून बाजूनं निघून गेला, तरी हे बघतच होते. गुठळी झाल्यापासून इतका वेळ ते माझ्याकडं बघत बसल्याचं मला आठवत नाही.

"ही उजवीकडं म्हणतीया," हे सावकाश म्हणाले. "पण तुझं नाक लाल झालंय. माझं चुकतंय आणि तुला बोलता येत न्हाय, असं असलं की तुझं नाक लाल हुतंय. पोरगं व्हायच्या आधीपासनं बघतोय मी."

मी मान खाली घातली.

"म्हंजे डावीकडं."

गाडी डांबरी रस्त्याला लागली. फोन क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, "असू द्या, पुढनं वळू."

हे जे हसायला लागले, ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं. "ऐकलं का? चुकली सोता, आणि समजूत घालतीया माझी!" मग जरा वेळानं, समोर बघतच म्हणाले, "चांगलं बोललीस पण. दुसरं कुणी असं बोललं नसतं."

देवळापाशी फोन म्हणाला, "आलो. हात जोडा." दर्शन झालं, नैवेद्य दाखवला. पायऱ्यांवर बसलो तर सुयोगचा फोन.

"तात्या, पोचलात का? वाट चुकली न्हाय ना?"

"चुकतोय कशाला? दोघी हुत्या की संगं. एकीनं चुकवली, दुसरीनं धरली."

"म्हंजे?"

"म्हंजे काय न्हाय. किल्ली खुंटीलाच राहणार, एवढं लक्षात ठेव." मग फोन ठेवून माझ्याकडं वळले. "बोल आता. नेम झाला."

मी म्हणाले, "घरी गेल्यावर ते कच्च्या रस्त्याचं बटण चालू करून घ्या."

"एवढ्या येळानं तोंड उघडलं, ते हेच बोलाय?"

पण घरी आल्याबरोबर निकितापुढं फोन धरला, स्वतःहून. तिनं बटण चालू केलं आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. सुयोगनं पुन्हा किल्लीचं नाव काढलं नाही.

हल्ली हे कारखान्यावर जातानासुद्धा फोन लावून जातात. तो रस्ता नाकासमोर सरळ, झोपेतही चुकायचा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, आवाज बरा आहे. संध्याकाळी गाडी दारात येते आणि अंगणात माझाच आवाज घुमतो, "आलो. हात जोडा." हे गाडीतून उतरतात आणि मी तुळशीपाशी दिवा लावत असले, तर माझ्याकडं बघून खरोखर हात जोडतात. निकिता स्वयंपाकघरातून खुसखुसते. मी पदर सावरून म्हणते, "अहो, तुळशीला जोडा."

"तिकडंच जोडलं की," हे म्हणतात, आणि किल्ली खुंटीला अडकवतात.