मी बुडते, तुमी काढा

“व्यंकटराव, धोतर खोचा आन उतरा पाण्यात!” माणिकराव पेशकार सतरंजीवरूनच ओरडले. “आमच्या सिंधूला पोहायला शिकवायचं हाय. आज टाळाटाळ चालणार न्हाई.”

व्यंकटराव आवळीच्या झाडाखाली चुलीला फुंकर घालत बसले होते. खरं तर चूल चांगली पेटली होती, वांग्याच्या भाजीला उकळी फुटली होती. पण चुलीशी राबणाऱ्या माणसाला कुणी पाण्याकडे बोलावत नाही, असा त्यांचा सात वर्षांचा अनुभव होता. म्हणून ते दर आवळीभोजनाला आल्या आल्या चूल गाठायचे. बायका हसायच्या, आणि व्यंकटराव हसू देत.

हिंगोलीहून दोन कोसांवर हे तळं. तिन्ही बाजूंना बुटके माळ, चौथ्या बाजूला दगडी बांध, मधोमध कमळं आणि काठाला आवळीची पाच-सहा झाडं. कार्तिकात निजामाच्या तहसील कचेरीतली मंडळी, पेशकारापासून शिपायापर्यंत, बायकापोरांसकट गाड्या जोडून यायची. कचेरीत उर्दूत कागद रंगवून बोटं आखडलेले अहलकार, म्हणजे कारकून, इथं आले की उघड्या अंगानं पाण्यात धपाधप उड्या टाकायचे, एकमेकांचे पाय ओढायचे, आणि वर येऊन दोन भाकरी जास्त खायचे. हे साल एकोणचाळीसचं. यंदा नवे तहसीलदार साहेबही आले होते आणि लोडाला टेकून सगळ्यांची गंमत पाहत होते.

“हेच का ते?” तहसीलदारांनी विचारलं. “जिन्होंने बच्ची को बचाया?”

“हेच, साहेब!” माणिकरावांची छाती फुगली. “कयाधूला पूर आल्ता. मंडळींची गाडी उलटली आन पोरगी वाहून चालली. तीन वर्षांचं लेकरू. हा पठ्ठ्या कपड्यानिशी पुरात!”

ही गोष्ट व्यंकटरावांनी इतक्यांदा ऐकली होती, की त्यांनाच ती कधीकधी खरी वाटायची. दर वर्षी कयाधूचं पाणी थोडं चढायचं. पहिल्या वर्षी ते छातीइतकं होतं, पुढं दोन पुरुष झालं, आणि गेल्या वर्षी व्यंकटरावांच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, त्यात एक मगरही सोडली होती. नवऱ्याचं कौतुक करताना ती माऊली हात आखडता घेत नसे.

खरी हकिकत फार लहान होती. व्यंकटरावांना पोहता येत नव्हतं. तेव्हा ते नोकरीच्या आशेनं कचेरीत राबणारे बिनपगारी उमेदवार होते. त्या दिवशी गावाकडून पायी येताना त्यांनी गाडी उलटलेली पाहिली, लाल परकर पाण्यावर गरगरताना पाहिला, आणि ते काठानं नुसते ओरडत धावत सुटले. उडी मारली ती पुढच्या वळणावर मेंढरं चारणाऱ्या, डाव्या भुवईवर खोक असलेल्या एका धनगरानं. त्यानं घोंगडी फेकली, पोर धरली, काठावर आणून तिला पालथी घालून पोटातलं पाणी काढलं. लोकांची हाकाटी जवळ आली तशी त्यानं ती पोर व्यंकटरावांच्या हातात दिली आणि हात जोडले.

“दादा, घ्या लेकरू. माझी मेंढरं सरकारी रमन्यात हाईत. सापडलो त कोंडवाड्यात जात्याल. माझं नाव घेऊ नका, पाया पडतो.”

रमना म्हणजे सरकारी राखीव गवत. तिथं मेंढरू शिरलं तर मालकाची धडगत नव्हती. धनगर पळाला. लोक आले. पोर व्यंकटरावांच्या कवेत, अंगरखा तिच्या पाण्यानं भिजलेला. “तुमी उडी टाकली?” कुणीतरी विचारलं. व्यंकटरावांनी मान हलवली. त्या धनगराला दिलेला शब्द पाळायचा म्हणून हलवली, असं ते पुढं सात वर्षं स्वतःला सांगत आले. महिन्याभरात माणिकरावांनी त्यांना पगारी अहलकार करून घेतलं. आता बोलायचं तर कोणत्या तोंडानं?

“काका, चला ना!”

सिंधू परकराचा काचा मारून समोर उभी होती. पाठीला दोन वाळके भोपळे बांधले होते, नवशिक्याला तरंगायला बांधतात तसे. वयानं दहा, आणि भीती म्हणून काही माहीत नाही.

“अहो, पोरीच्या जातीला कशाला पोहणं?” तिची आई गोजरबाई कुरकुरली.

“पुढच्या साली लगीन हाय, सासर पूर्णेच्या काठाला,” माणिकराव म्हणाले. “आन शिकवणारा कोण हाय? तिला पुरातून काढणारा! तुला काहून धास्ती?”

व्यंकटराव उठले. काठाकाठानं कमरेइतक्या पाण्यात पोरीला दोन घटका खेळवू आणि ताप आल्याचं सांगून बाहेर येऊ, असा त्यांनी बेत केला.

पाणी गार होतं, तळाशी चिखल होता. बांधाच्या दुसऱ्या टोकाला एक धनगर कातरणीआधी मेंढरं धूत होता. एकेक मेंढरू पाण्यात लोटायचा, चोळायचा, वर ढकलायचा. व्यंकटराव कमरेपर्यंत गेले. सिंधू हात धरून नाचत होती. पायाखालची जमीन उतरती होती. बघता बघता पाणी त्यांच्या छातीला लागलं आणि ते जागच्या जागी थिजले.

“काका, त्या कमळांपस्तोर जाऊ.”

“न्हाई बाळ. आज एवढंच.”

“मग एक गंमत.” तिनं पाठीमागं हात नेऊन भोपळ्यांची गाठ सोडली. भोपळे डुलत दूर गेले. “मी बुडते, तुमी काढा. तवासारखं!”

आणि ती खरंच हात सोडून मागं पडली. नाक न धरता, हसत हसत.

तिच्या डोक्यावर पाणी मिटलं. व्यंकटराव ओरडलेही नाहीत. सात वर्षांपूर्वी जसे पाण्याकडे पाय वळले नव्हते तसेच आताही जागचे हलेनात. मग त्यांनी पाण्यात आंधळ्यासारखे हात मारले, वेणी हाताला लागली, तिला हिसडा देऊन वर ओढताना त्यांच्याही नाकातोंडात पाणी गेलं. पोर खोकत खोकत खिदळत होती.

“बघा! काकांनी काढलं!” ती काठाकडं पाहून ओरडली. सतरंजीवर टाळ्या पडल्या.

एक हातभर पलीकडं पडली असती तर? ही पोर आता प्रत्येक नदीत, प्रत्येक विहिरीत हसतच पडणार, आणि तिला तसं करायला आपण शिकवलं होतं. व्यंकटरावांना स्वतःची इतकी लाज वाटली, की पोरीला खांद्यावर घेऊन बाहेर येताना त्यांना तिच्याकडं बघवेना.

ते तसेच निथळत माणिकरावांपुढं जाऊन उभे राहिले.

“पेशकारसाहेब, मला पोहता येत न्हाई.”

“ऑं?”

“सिंधूला मी न्हाई काढलं. त्या दिवशी मी काठावरच होतो. एका धनगरानं काढलं. त्याचं नावसुद्धा मी कधी पुसलं न्हाई.”

आणि बोलता बोलता त्यांची नजर बांधाकडं गेली. चुकलेलं मेंढरू खांद्यावर टाकून जवळच वर चढणारा तो माणूस, डाव्या भुवईवरची ती जुनी खोक. व्यंकटरावांनी त्याला सात वर्षं रोज डोळे मिटून पाहिलं होतं. “हा,” ते म्हणाले. “हाच तो.”

शिपायानं त्याला हाक मारून आणलं. अंगाला चिखल, मुंडाशाची टोकं टपकत होती. लोडाला टेकलेले साहेब दिसताच तो वीस पावलं अलीकडंच थांबला आणि जमिनीला हात लावून मुजरा केला.

“नाव काय रे?” माणिकरावांनी विचारलं.

“नामाजी, मायबाप. साखऱ्याचा. ह्या पाण्यात मेंढरं धुवायची मनाई हाय व्हय? मला ठावं नव्हतं.”

“ते ऱ्हाऊ दे. सात वर्षांमागं कयाधूच्या पुरातून तू पोरगी काढली?”

नामाजीनं व्यंकटरावांकडं पाहिलं. त्यानं ओळखलं, हे व्यंकटरावांना स्वच्छ दिसलं. मग तो साहेबांच्या काळ्या शेरवानीकडं पाहू लागला.

“न्हाई, सरकार.”

“नामाजी,” व्यंकटराव पुढं झाले, “अरे, सांग. आता काय व्हत न्हाई. मीच सांगतो ना!”

“मी कवाच तिकडं गेलो न्हाई, दादा. रमन्याच्या अंगाला माझं मेंढरू कधी फिरकलं न्हाई. देवाशप्पत.”

रमन्याचं नाव कुणी काढलंच नव्हतं. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सतरंजीवर हशा पिकला.

“वाह, व्यंकटराव!” तहसीलदार म्हणाले. “इतकी नम्रता! आपलं श्रेय एका मेंढपाळाला देऊन राहिले! ऐसे आदमी अब कहाँ मिलते हैं?”

माणिकरावांचे डोळे पाणावले. “मी म्हणलो नव्हतो, साहेब? गर्व म्हणून न्हाई ह्या माणसाला. सिंधे, काकांच्या पाया पड.”

सिंधू वाकली. व्यंकटरावांनी पाय मागं घेतले, तशी मंडळी आणखीच खूश झाली.

नामाजी परत निघाला. जाताना व्यंकटरावांजवळून गेला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, “दादा, तवा तुमी नाव घेतलं न्हाई म्हणून माझी मेंढरं वाचली. लई उपकार हाईत. आज काहून असं केलं? माझं काई चुकलं व्हय?”

त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती तक्रार होती. कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तर व्यंकटरावांना बरं वाटलं असतं. ज्याचं सगळं आपण खाल्लं, तो माणूस सात वर्षं आपल्याला दुवा देत होता.

पंगत बसली. मानाचं पहिलं पान व्यंकटरावांचं. द्वारकाबाईनं स्वतः वाढलं, पुरणपोळीवर तूप जरा जास्तच ओतलं. नामाजीसाठी एका पत्रावळीवर भाकरी आणि भाजी शिपायाबरोबर बांधावर धाडली. व्यंकटरावांनी घास उचलला आणि तसाच पानावर ठेवला. “पाण्यात थंडी भरली असंल,” द्वारकाबाई बाजूच्या बाईला म्हणाली.

जेवणं झाली. पुरुष पान लावून आडवे झाले, साहेब घोरू लागले. बायका भांडी घासायला बसल्या. व्यंकटराव उठून बांधाच्या तोंडाशी एका दगडावर जाऊन बसले. थोड्या वेळानं सिंधू आवळे खात आली.

“काका, संध्याकाळी पुन्हा बुडू?”

“इकडं ये. बस.” त्यांनी तिला समोर बसवलं. “मघाशी मी बोललो ते खरं हाय. मला पोहता येत न्हाई. पाण्यात तुला काई झालं त मी तुला काढू शकणार न्हाई. ध्यानात ठेव. आता कुठंबी असं पडायचं न्हाई.”

सिंधू त्यांच्याकडं बघत राहिली. मोठ्या माणसांनी ज्याला नम्रता म्हटलं, ते तिला तसं वाटलं नसावं. तिनं पाण्यातला त्यांचा चेहरा जवळून पाहिला होता.

“मग मला त्यानं काढलं? त्या मेंढरंवाल्यानं?”

“व्हय.”

“त न्हाई काहून म्हणला?”

“भेतो.”

“कुणाला?”

“आपल्याला.”

तिनं आवळ्याची बी थुंकली. मग तिनं विचारलं, “आन मी वाहून चालले तवा तुमी काय करत होते?”

“ओरडत होतो.”

“नुसतं?”

“नुसतं.”

“बाबांना सांगू?”

“सांग, बाळ.”

“ते हसत्याल,” ती म्हणाली. उठली आणि परकर झटकला. एरवी ती त्यांच्या बोटाला धरून चालायची. आता तिनं हातातले उरलेले आवळे त्यांच्या शेजारी दगडावर ठेवले आणि बांधावरून एकटी चालू लागली.

व्यंकटराव बघत राहिले. पलीकडच्या टोकाला नामाजी धुतलेली मेंढरं उन्हाला उभी करत होता. एक कोकरू त्याच्या पायात घुटमळत होतं. सिंधू त्याच्यापुढं जाऊन थांबली. काहीतरी बोलली. मग खाली वाकली.

“अगं ए, मेंढराला हात लावू नको! वाईट वास मारतो!” भांड्यांकडून गोजरबाई ओरडली. लांबून तसंच वाटत होतं, पोरगी कोकराला गोंजारते आहे. पण नामाजी घाबरून दोन पावलं मागं सरला होता, हात जोडून साहेबांच्या दिशेनं बघत होता, आणि सिंधूचं डोकं त्याच्या चिखलानं भरलेल्या पायांवर होतं.

ती परत निघाली. बांध अरुंद, एकाच माणसाची वाट. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला झिरपलेला गाळ. वाटेच्या तोंडाशीच व्यंकटराव बसले होते. ती जवळ आली तसे ते उठले. थोरला माणूस समोरून आला म्हणजे आपण बाजूला होतो, तसे ते मुकाट्यानं गाळात उतरले. पोटऱ्यांपर्यंत पाय रुतले. मान खाली घालून ते उभे राहिले, आणि दहा वर्षांची ती पोर त्यांच्या जवळून निघून गेली.