पाच कॅपा आणि रेशन कार्ड

आमच्या अम्मीचा नियम आहे, घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव पाहिजे. पातेली, डबे, ताटं, अगदी चिमट्यावरही भांड्याच्या दुकानातल्या मशीननं 'बिबीजान' कोरलेलं. शेजारच्या लग्नात गेलेलं पातेलं परत येतं ते नावामुळे, असं तिचं म्हणणं. या नियमात ट्रकचं इंजिनही येतं, हे मला माहीत नव्हतं.

इंजिन अब्बांचे गिऱ्हाईक असलेल्या अक्कलकोटच्या वीरभद्रप्पांचं, त्यांनी जुन्या बाजारातून उचललेलं. अब्बांनी ते आपल्या गॅरेजऐवजी आमच्या अंगणात उतरवलं, कारण माझी परीक्षा घ्यायची होती. आयटीआयला डिझेल मेकॅनिकमध्ये मी वर्गात पहिली आले, तरी अब्बा मला गॅरेजमध्ये घेईनात. मग मी दोन दिवस जेवले नाही. (धाकटी बहीण झीनत चोरून भजी आणून देत होती, ते सोडा.) तेव्हा कुठे ते नमले.

"हे इंजिन तूच खोल, तपास, तूच भर," ते म्हणाले. "सगळ्या कॅपा कसल्यावर क्रँक एका हातानं फिरला, तर सोमवारपासून गॅरेजला ये. न्हाय फिरला तर फुफीच्या पार्लरात बस."

आत्याकडे लोकांच्या भुवया कोरत बसायच्या कल्पनेनं माझं डोकं फिरलं. मी कामाला लागले.

ब्लॉकला तडा नव्हता, क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याची, मापं ठीक होती, बेअरिंगं तेवढी झिजली होती. ती नवी आणली. आता क्रँकला जागेवर धरून ठेवणाऱ्या पाच कॅपा राहिल्या. दिसायला पाची सारख्या, पण प्रत्येकीची जागा ठरलेली. अदलाबदल झाली की क्रँक आवळला जातो. त्यांच्यावरचे नंबर आधीच्या कुणा महाभागानं कानशीनं घासून टाकले होते, म्हणून मी खडूनं एक ते पाच लिहिले आणि कॅपा मोरीजवळ ठेवल्या. चूक माझीच. कळकट वस्तू अम्मीच्या नजरेसमोर ठेवायची नसते.

रविवारी सकाळी अम्मी मावशीकडे बार्शीला गेली. मी कॅपा शोधल्या, तर त्या तिच्या बाजाराच्या पिशवीत, लख्ख घासलेल्या. खडूचा मागमूस नाही. आता कुठली कॅप कुठल्या जागेची?

"पाठीवर बघ की," झीनत म्हणाली.

एका कॅपच्या पाठीवर मौला, म्हणजे अब्बा. दुसरीवर इफ्रा, म्हणजे मी. मग झीनत, बिबीजान आणि पुण्याला नोकरी करणारा आमचा भाऊ गुफरान. कॅपा पाच, आम्हीही पाच. पिशवीच्या तळाशी रेशन कार्ड होतं.

"खडू पुसला जाईल म्हणून अम्मी घासायच्या आधी दुकानात घेऊन गेली," झीनत हसत हसत कशीबशी सांगत होती. "तितं कार्डच पुढं केलं. एक नंबरला कार्डावरलं पयलं नाव, दोनला दुसरं, तसंच पुढं."

माझा जीव भांड्यात पडला. मी कार्ड उघडायला गेले, तर अब्बांनी हात आडवा घातला.

"कार्ड कशाला बघतीस? घरचा कर्ता कोण? पयलं नाव माझंच."

मौला पहिल्या जागी बसवली, दुसरीला बिबीजान, मग आम्ही तिघं वयानुसार. बोल्ट कसले. क्रँकच्या टोकाचं जड चाक, फ्लायव्हील, धरून जोर लावला, क्रँक जागचा हलेना. अब्बांनी दोन्ही हातांनी ओढून बघितलं. मग त्यांनी हात पुसले आणि खिशातून फोन काढला.

"फुफीला सांगू काय?"

रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कार्ड ओढून घेतलं आणि उघडलं. कुटुंबप्रमुख: बिबीजान. फोटोसुद्धा तिचाच. अब्बा त्याखाली, मग आम्ही तिघं, वयानुसारच.

अब्बांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "हे कधी झालं?"

"नव्या कार्डावर घरातली मोठी बाई पयली असती," मी म्हणाले.

"अब्बा, तुमी लई दिवसांपासून दोन नंबरला हाय," झीनत म्हणाली, आणि मग आम्हा दोघींना हसू आवरेना. शेवटी अब्बाही हसायला लागले.

बिबीजान पहिल्या जागी आणली, मौला दुसऱ्या. पुन्हा सगळं कसलं. डावा हात पाठीमागे बांधल्यासारखा ठेवला आणि उजव्यानं फ्लायव्हील ढकललं. पाळणा हलावा इतक्या सहज क्रँक फिरला. मी फिरवला, झीनतनं फिरवला, हसण्याचा आवाज ऐकून आलेल्या शेजारच्या ईरम्मानंही फिरवला. अब्बा तर बाजूला व्हायलाच तयार नव्हते. मला इतका आनंद झाला होता की मी ईरम्माला उचलून गरकन फिरवलं.

मी अम्मीला फोन लावला. "नावं कशाला घातलीस? नंबरच कोरायचे की."

"नंबर कुणाचाबी असतो," ती म्हणाली. "हरवला तर कुणाच्या घरी आणून देणार?"

सोमवारी सकाळी अब्बा लवकर कुठंतरी जाऊन आले. गॅरेजला निघताना त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं आणि स्कूटरला किक मारायला लागले. आत बावीस नंबरचा नवा पाना होता. त्यावर लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं कोरलं होतं: 'चि. इफ्रा हिस, मौला यांजकडून.'