माझं कामच उशीर करायचं

मी केबल बोलतेय. हो, तीच! कंट्रोल रूमच्या भिंतीवर भलंमोठं वेटोळं करून टांगलेली. येणारा-जाणारा विचारतो, "ही धोंड कशाला ठेवलीय इथे?"

किनाऱ्यावर तीन मनोरे आहेत. समुद्रात नाव अडकली, की तिचा रेडिओ सिग्नल तिन्ही मनोरे टिपतात आणि केबलींतून आमच्या खोलीत धाडतात. कोणाला आधी मिळाला, कोणाला नंतर, त्या एवढ्याशा फरकावरून नाव कुठे आहे ते कळतं. म्हणून तिन्ही केबली सारख्याच लांबीच्या हव्यात. दोन मनोरे दूर, तिसरा मात्र अगदी दारात. त्या आगाऊचा निरोप आधीच येऊन टपकू नये म्हणून मध्ये मी. माझ्यातून गरागरा फिरून तो बाकीच्यांच्या बरोबरीनं पोहोचतो.

आमच्या वायरमनकाकांना पसारा खपत नाही. साहेब पाहणीला येणार म्हणून त्यांनी मला काढून माळ्यावर टाकलं आणि हातभर केबल जोडून दिली. "आता कसं सुटसुटीत दिसतंय!" असा संताप आला मला! पण केबलीला विचारतो कोण?

दुसऱ्या दिवशी वारं सुटलं आणि एका नावेचा सिग्नल आला. नंबर बघून ऑपरेटरताईंचा चेहरा पांढराफटक पडला. नाव त्यांच्या धाकट्या भावाची होती. आणि पडद्यावर ठिपका उमटला तो टेकडीवर!

"अगं बाई! टेकडीवर नाव? काका, इथलं काही काढलंत का?"

"काही नाही गं, ती गुंडाळी तेवढी. उगाच जागा अडवत होती."

"अहो, सिग्नल अडवायलाच ठेवली होती ती! आणा, आणा लवकर!"

काका माळ्यावर कसे चढले, त्यांचं त्यांनाच ठाऊक. मला पोटाशी धरून खाली आणलं, टोकं पुसली, जोडली. ठिपका टेकडीवरून सरकला आणि खडकांपलीकडे पाण्यात जाऊन थांबला. ताईंनी बचावबोटीला जागा सांगितली.

संध्याकाळी भाऊ ओलाचिंब दारात उभा राहिला. ताईंनी आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग गळ्यात पडून रडल्या. "किती उशीर केलास रे मेल्या!" काका भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

पाहणीला साहेब आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही धोंड कशाला?"

काका पुढे झाले. "असू द्या साहेब. तिच्यामुळे आमचं पोर घरी आलंय."

तेव्हा बाबांनो, मला खुशाल धोंड म्हणा. फक्त खिळ्यावरून काढू नका.